कंप्युटरवाल्याचं पोट

दिलदार नायकवडीच्या पोटाला काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात अख्ख्या सोमवार पेठेची आणि निम्म्या शाहूपुरीची ते बिघडल्याबद्दल खात्री झाली होती; आणि कोल्हापूरकराची एकदा खात्री झाली की मग डॉक्टरचंसुद्धा काही चालत नाही.

दिलदार एका सहकारी साखर कारखान्याच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात टायपिस्ट होता. इतिहास घेऊन बी. ए. झालेला, सरळ भांग पाडणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या वर्षी पाडव्याच्या मुहूर्तावर कारखान्यानं कंप्युटर घेतला. शेजारच्या कारखान्यानं घेतला होता, एवढं कारण पुरेसं होतं. ऑफिसच्या मधोमध त्याच्यासाठी काचेची खोली उठवली, तिला गार हवेचं यंत्र बसवलं, बाहेर चपला काढायला फळी ठोकली. चेअरमन हंबीररावांनी स्वतः पूजा केली. नारळ उंबऱ्यावर फोडायचा की थेट कंप्युटरवर, यावर जराशी चर्चा निघाली होती, पण यंत्र बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसानं किंकाळीच फोडल्यामुळे ती आटोपती घ्यावी लागली.

हा कंपनीचा माणूस दोन दिवस राहिला. यंत्र चालू कसं करायचं ते त्यानं दाखवलं, बंद कसं करायचं ते दाखवलं, तांबडा रस्सा भरपूर ओरपला आणि चालू आणि बंद यांच्या मधे काय करायचं ते न सांगता मुंबईला निघून गेला.

"आता ह्ये चालवायचं कुनी?" हंबीररावांनी विचारलं.

सगळ्या ऑफिसनं दिलदारकडे बघितलं, कारण टाइप करताना तो बटणांकडे बघत नसे.

"न बघता बोटं चालत्यात न्हवं? मग डोकं बी चालंल की," हंबीरराव म्हणाले. सकाळी टायपिस्ट म्हणून घराबाहेर पडलेला दिलदार संध्याकाळी कंप्युटर इंजिनियर होऊन परत आला. त्याच्या बायकोनं, हाफिजानं, साखर वाटली आणि दुसऱ्याच दिवशी कोडोलीला माहेरी निरोप धाडला. निरोपात 'इंजिनियर' हा शब्द दोनदा होता.

कंप्युटरशी बोलायचं तर त्याची भाषा यायला हवी, एवढं दिलदारला कळत होतं. महाद्वार रोडवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे त्याला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. चांगलं विटेएवढं जाड. ते लिहिणारा गृहस्थ अमेरिकेत राहत असे, वरचेवर घरी पार्ट्या देत असे आणि पाहुण्यांच्या याद्या कंप्युटरवर ठेवत असे. सगळी विद्या त्यानं या पाहुण्यांच्या आधारानं शिकवली होती. दिलदारनं ते पुस्तक वाचायला घेतलं आणि त्याच्या झोपेचं खोबरं झालं. एक प्रकरण कसंबसं डोक्यात बसवावं, तर पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असे की मागच्या प्रकरणात सांगितलेली पद्धत नवशिक्यांसाठी ठीक आहे, जाणकार तसं करत नाहीत. म्हणजे शिकावं तितकं अडाणीपण वाढत होतं. मुंबई-पुण्याकडे खरे प्रोग्रामर बसलेले आहेत, त्यांना हे सगळं तोंडपाठ आहे, आणि त्यांच्यापैकी एखादा कधीतरी एसटीतून उतरून आपल्याला कॉलरला धरून उठवणार, अशी त्याची खात्री होत चालली.

आता पुस्तक उघड्यावर वाचायला काय हरकत होती, असं कुणीही विचारील. हरकत हंबीररावांची होती. पूर्वी कधीतरी त्यांची एक दुभती म्हैस आजारी पडली. जनावरांच्या डॉक्टरनं गोठ्यात उभं राहून पुस्तक उघडलं, बोट लावून वाचलं, मग इंजेक्शन दिलं. आणि म्हैस गेली. तेव्हापासून "जो पुस्तकात बघतो त्याला येत न्हाय" हे हंबीररावांचं मत झालं होतं आणि वार्षिक सभेत, लग्नात, मयतीला ते ऐकवत असत. दिलदारच्या खोलीला तर चारी बाजूंनी काचा. ऑफिसात आलेला प्रत्येक शेतकरी आधी काचेला नाक लावून आत बघे आणि मगच आपल्या कामाला लागे. तिथं पुस्तक उघडायचं म्हणजे चौकात आंघोळ करण्यातला प्रकार.

राहता राहिला संडास.

जिन्याखालचा तो संडास प्रशस्त होता, उजेडाचा होता आणि मुख्य म्हणजे त्याला आतून कडी होती. काम अडलं की दिलदार पुस्तक बुशशर्टाच्या आत पोटाशी धरायचा आणि जिन्याकडे चालू लागायचा. आत अमेरिकन गृहस्थाच्या पार्टीत जरा वेळ बसून यायचा. कधी कधी तिथंच त्याला असं काही कळून जाई की तो आपल्याशीच "व्वा!" म्हणे. बाहेर थांबलेल्यांना या उद्गाराचा अर्थ लावणं अवघड गेलं असावं.

तर लोकांना दिसत काय होतं? एक चांगला तरुण माणूस दिवसातून कितीदा तरी फुगलेलं पोट दोन्ही हातांनी सावरत घाईनं संडासात जातो, तासभर बसतो आणि घामाघूम होऊन डोळे तारवटलेल्या अवस्थेत बाहेर येतो. यावरून लोकांनी जो निष्कर्ष काढला त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.

पहिल्यांदा चौकशी केली ती आस्थापना विभागाच्या हेडक्लार्कनं, केरबानं. केरबाचं सगळ्या ऑफिसच्या हजेरीवर लक्ष असे, पण मन मायाळू होतं.

"दिलदारभाई, पोट लई फुगतंय जनू?"

दिलदारनं शर्टाआडचं पुस्तक घट्ट धरलं. नाही म्हणावं तर मग शर्टाआड काय आहे, हा प्रश्न येणार. "व्हय," तो म्हणाला. या एका 'व्हय'नं पुढचं सगळं रामायण घडवलं.

केरबानं दुपारी चहाऐवजी ताक मागवलं. संध्याकाळपर्यंत ऑफिसातल्या प्रत्येकाच्या मेव्हण्याला, चुलत्याला किंवा मामाला हेच दुखणं होऊन गेल्याचं निष्पन्न झालं. रात्री ही बातमी दिलदारच्या आधी सोमवार पेठेत पोचली, कारण शेजारच्या बनाबाईंचा भाऊ कारखान्यात होता. बनाबाई म्हणजे गल्लीचा बिनपगारी दवाखाना. त्या कुड्याच्या सालीचा काढा घेऊनच दारात उभ्या होत्या.

"ह्यो घोट. नाक दाब आन घे. तोंड वाकडं करायचं न्हाय."

कुड्याचा काढा किती कडू असतो हे ज्यानं घेतला त्यालाच माहीत. निरोगी माणसानं तो घेतला तर पोट बिघडतं की नाही, यावर वैद्यकशास्त्रात काय म्हटलंय ठाऊक नाही. दिलदारचं मात्र दुसऱ्या दिवशी खरोखरच बिघडलं आणि तो संडासात पुस्तक न घेता गेला. तेवढा एकच दिवस तो लोकांच्या समजुतीला जागला.

हाफिजाला त्यानं सगळं खरं सांगितलं होतं. तिनं कपाळाला हात लावला.

"अवो, मग सांगा की त्यास्नी. वाचतोय म्हनून सांगायचं, त्यात काय चोरी हाय व्हय?"

"आणि म्हैस?"

"कुठली म्हस?"

दिलदारनं म्हशीची हकीकत सांगितली. हाफिजा चुलीकडे वळली. पण त्या दिवसापासून तिला घरात दिलदारसाठी वेगळी पेज शिजवावी लागू लागली, कारण बनाबाई जेवायच्या वेळी हटकून डोकावत आणि ताटात फोडणीचा वास आला की दारातूनच ओरडत.

अशात बकरी ईद आली. दर वर्षी ईदला ऑफिसची मंडळी दिलदारच्या घरी बिर्याणीला येत. त्या वर्षी इंजिनियर झाल्यामुळे खुद्द हंबीरराव आले. हाफिजानं हात राखून काही केलं नव्हतं. झाकण निघालं आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. सगळ्यांच्या पानात बिर्याणी पडली. यजमानाच्या पानात बनाबाईंनी स्वतःच्या हातानं ताकभात वाढला आणि त्या समोरच राखणीला बसल्या.

"नायकवडी, वाईट वाटून घ्यू नका," हंबीरराव नळी फोडत म्हणाले. "तुमचा वाटा आमी खातो. तब्येत आदी."

आपल्याच घरात, आपल्याच ईदला, आपल्या पैशाच्या मटणाकडे बघत दिलदार ताकभात कालवत राहिला. माणसाच्या स्वाभिमानाला अनेक जागा असतात, पण तो पोटातही असतो हे त्याला त्या दिवशी समजलं. मंडळी पान खाऊन गेली, तेव्हा भांड्यात वास तेवढा उरला होता.

पुढच्या आठवड्यात केरबानं त्याच्या हातात मेमो ठेवला. ठेवताना त्याचे डोळे पाणावले होते. "कार्यालयीन वेळेत वारंवार व दीर्घकाळ जागेवर नसणे" याचा खुलासा मागितला होता.

"मनावर घ्यू नका दिलदारभाई. ऑडिटवाल्यानं इचारलं तर कागुद पायजे. डॉक्टरचं सर्टिफिकेट आना, सगळं बैजवार बसवतो."

दिलदार पापाच्या तिकटीजवळच्या एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी जीभ बघितली, पोट दाबलं, कसल्या कसल्या तपासण्या करायला लावल्या आणि शेवटी चष्मा काढून म्हणाले, "तुमच्यासारखं पोट मी गेल्या वर्षभरात बघितलं नाही. काही झालेलं नाही तुम्हाला."

"काहीतरी असेल की हो डॉक्टर," दिलदार काकुळतीला आला. "नीट बघा. थोडंसं तरी?"

डॉक्टर प्रामाणिक निघाले. नेमका आपल्याच वाट्याला प्रामाणिक डॉक्टर यावा याचं दिलदारला फार वाईट वाटलं. "प्रकृती ठणठणीत" असं सर्टिफिकेट घेऊन तो परतला. केरबानं ते दोनदा वाचलं आणि मान हलवली.

"ह्ये चालत न्हाय. ठणठणीत मानसानं येवडा येळ आत बसायची तरतूद नियमात न्हाय." मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "पन दिलदारभाई, डॉक्टरलाबी घावंना म्हंजे दुखनं खोलवर गेलंय. आता मोठ्या दवाखान्याचंच बगाय पायजे."

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. दिलदारला आता खरोखर काही काही येऊ लागलं होतं. पहिल्यांदा त्यानं कंप्युटरकडून आपलं नाव छापून घेतलं. मग नावांची यादी अक्षरवार लावून घेतली, तेव्हा तर काचेबाहेर गर्दी जमली. आकडे चुकत, यंत्र मधेच रुसून बसे, चार ओळी लिहाव्यात तर त्यातल्या तीन पुसाव्या लागत. पण चौथी चालली की त्याला जो आनंद होई, तसा टायपिंगच्या इतक्या वर्षांत कधी झाला नव्हता. त्याला हे काम आवडायला लागलं होतं. आणि म्हणूनच भीती वाढली होती; नावडतं काम हातातून गेलं तर माणूस चार दिवस बोलतो आणि विसरतो, हे गेलं असतं तर त्याला सोसलं नसतं.

श्रावण संपता संपता हंबीररावांनी सभेत जाहीर करून टाकलं, "ह्या हंगामापास्नं ऊसतोडीचा नंबर कंप्युटर देनार. त्येला मेव्हना न्हाय, त्येला पावना न्हाय. तितं वशिला चालनार न्हाय!" टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत दिलदार नव्हता. तो जिन्याखाली होता.

तोडीचा नंबर म्हणजे साधी गोष्ट नव्हे. ज्यानं ऊस आधी लावला त्याचा आधी तोडायचा, असा नियम. ज्याचा नंबर मागं पडला त्याचा ऊस रानात वाळायचा. कोण आधी, यावरून दर वर्षी शेतकी ऑफिसरला गाव सोडून पळावं लागे. दिलदारनं महिनाभर खपून प्रोग्रॅम लिहिला. हजारो नावं भरली. नावासाठी यंत्रात जागा थोडी, म्हणून आडनाव आणि नाव पुरतं घेतलं आणि बापाच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर. हे झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की काही नावं पुन्हा पुन्हा येताहेत. तो जिन्याखाली गेला. अमेरिकन गृहस्थानं यावर आख्खं प्रकरण खर्ची घातलं होतं: एकाच पाहुण्याला चुकून दोनदा आमंत्रण जाऊ नये, म्हणून नाव, गाव आणि तारीख जुळली की दुसरी नोंद खोडून टाकावी. दिलदारनं तिथंच कागदावर तशी सोय केली. इतकी सफाईदार ओळ त्यानं आजवर लिहिली नव्हती. आतून "व्वा!" असा आवाज आला.

आता अमेरिकेत एका पार्टीला एकाच नावाचे दोन पाहुणे येत नसतील. पण मुरगूडच्या बाजूला एक गाव असं आहे, की तिथं हाक मारली 'बाळासो' की निम्मी पारावरची मंडळी उठून उभी राहते. आडनाव सगळ्यांचं पाटील. राहता राहिली तारीख. तर उसाच्या लागणीची नोंद ज्या दिवशी सुरू व्हायची त्याच दिवसाची तारीख त्या गावात प्रत्येक जण सांगे, मग प्रत्यक्षात ऊस महिन्यानं का लावलेला असेना. आपला नंबर पहिला लागावा, एवढीच त्यामागं भावना. कागदावर त्या गावातली सगळी लागण दर वर्षी एकाच दिवशी, बहुधा एकाच क्षणी होत असे.

दसऱ्यानंतर यादी लागली आणि तिसऱ्या दिवशी ऑफिससमोर एक ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीतून माणसं उतरू लागली ती संपेनात. केरबा यादी घेऊन दारात गेला.

"बाळासो पाटील कोन?"

"मी," सगळी ट्रॉली म्हणाली.

"आवो, यकानं बोला."

"यकच की! तुमच्या कंप्युटरनं आमास्नी यकच धरलंय!" पुढचा धिप्पाड माणूस गरजला. हा बाळासो दगडू. "यादीत 'बाळासो डी. पाटील' यवडंच हाय. मी दगडूचा. ह्यो दत्तूचा. ह्यो दादूचा, त्यो दौलूचा, आन त्यो मागं उबा हाय त्यो धोंडीचा. आमच्यातला जिता कोन आन मेला कोन, त्येवडं सांगा फकस्त."

"दगडूच्या, नाव माजंच हाय," दादूचा बाळासो म्हणाला. "माजा ऊस नोंदीच्या वहीत पयला लागलेला."

"तुजा? तुजं कांडं तरी आलं हुतं का तवा?"

मग बाळासोंची आपापसातच जुंपली. यादीतला एकमेव बाळासो आपणच, हे प्रत्येक जण इतरांना पटवू लागला. दिलदार काचेआडून बघत होता. त्याला काय झालं ते लगेच उमगलं, आणि गार हवेच्या यंत्रासमोर उभा असून त्याला घाम फुटला. बाकीच्या गावांत असे किती बाळासो, किती आकाराम, किती जोतीराम त्यानं आपल्या त्या सफाईदार ओळीनं खोडून टाकले होते, कुणास ठाऊक.

हंबीररावांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी पुण्याला ट्रंककॉल लावला. तीन दिवसांत कंपनीचा तज्ज्ञ येणार असं ठरलं. ते तीन दिवस दिलदार ना धड जेवला ना झोपला. यंत्रासमोर बसे आणि एक ओळ लिहून ती पुसे. ज्याची तो सहा महिने वाट बघत होता तो माणूस खरंच एसटीतून उतरणार होता.

तज्ज्ञाचं नाव खांबेटे. किडकिडीत, गळ्यात टाय, आणि हातातली बॅग ते क्षणभरही खाली ठेवत नव्हते. हंबीररावांच्या केबिनमध्ये सगळे जमले: खांबेटे, केरबा, बाळासोंच्या वतीनं दगडूचा बाळासो, आणि खुर्ची असूनही उभा राहिलेला दिलदार. चूक कशी पकडली जाणार याच्या विचारात त्यानं पुस्तक नेहमीप्रमाणे शर्टाआड घेतलं होतं. आता ते बाहेर ठेवायलाही उशीर झाला होता.

"आदीच सांगतो, खांबेटेसायेब," हंबीररावांनी सुरुवात केली. "आमचा मानूस हुशार हाय. चूक झाली ती त्येच्या डोक्याची न्हवं, पोटाची. सा म्हैनं झालं, मानूस निस्ता खंगतोय. अशा हालतीत कुनाचीबी चूक हुईल."

"आमाला काय म्हाईत!" दगडूचा बाळासो एकदम वरमला. "आजारी हाय म्हनून कुनी सांगितलं असतं तर भांडलोबी नसतो."

"म्हनून म्या ठरवलंय," हंबीरराव पुढं म्हणाले, "आदी ह्येंची तब्येत. केरबा, सांग."

केरबानं घसा साफ केला. "मिरजंला मोठ्या सर्जनशी बोलनं झालंय. खाट मिळाली हाय. जीप खाली उभी हाय, वैनींस्नी बी निरोप गेलाय. उद्या सकाळी पोट उगडून बगनार. सगळा खर्च कारखान्याचा."

ही मंडळी प्रेमानं बोलत होती, हेच सगळ्यात भयंकर होतं. आता गप्प राहिलं तर इंजिनियर म्हणून नाव राहत होतं, पण पोट फाडलं जाणार होतं. बोललं तर पोट वाचत होतं, पण... त्यानं हंबीररावांकडे बघितलं, मग बाळासोकडे बघितलं. उगीच आपल्यामुळे याचा ऊस वाळेल, आणि याला वाटतंय आपणच चुकून आजारी माणसाशी भांडलो. ते मात्र त्याला सहन झालं नाही.

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"आसंच म्हंत्यात सगळे," केरबा म्हणाला.

तेव्हा दिलदारनं बुशशर्टाची दोन बटणं काढली आणि पुस्तक ओढून बाहेर काढलं. सगळ्यांच्या देखत त्याचं पोट खपाटीला गेलं. पुस्तक त्यानं धपकन टेबलावर ठेवलं.

"मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. म्हणजे येतो, पण आधी वाचावं लागतं. रोज. काल शिकलेलं आज चुकीचं निघतं. संडासात बसून मी हेच वाचत होतो. बाळासोंना मीच खोडलं, ह्यात बघून खोडलं. मी इंजिनियर नाही साहेब. मला परत टायपिंगला बसवा."

पुस्तकाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे दिलदारच्या सपाट पोटाकडे बघत होते.

पहिला बोलला तो दगडूचा बाळासो. "म्हंजे... पोट बरं हाय न्हवं?"

"हो."

"आरं तिच्या मायला!" बाळासोनं खुर्चीत अंग टाकलं. "आमाला वाटलं मानूस जातोय का ऱ्हातोय. सुटलो की!"

केरबा तर चक्क डोळे पुसत होता. त्याला सहा महिन्यांचं ताक आठवत असावं. हंबीररावांनी पुस्तक ओढून घेतलं, दोन पानं उलटली, इंग्रजी बघून मिटलं.

"नायकवडी, येवडं ह्ये सगळं तुमी वाचलं?"

"दोनदा. काही भाग पाच-सहा वेळा."

"आन माझ्या भ्यानं संडासात?"

दिलदारनं शर्टाची उघडी बटणं लावायला घेतली.

"म्हस गेली म्हनून म्या रागानं कायबी बोलत आलो," हंबीरराव म्हणाले. "त्या डॉक्टरनं बिचाऱ्यानं दोन दिस आदी यायला पायजे हुतं, येवडीच त्येची चूक. आन तुमी त्येच्यापायी ईदला ताकभात खाल्लात? मला सांगायचं तरी! तुमचा वाटा खाऊन म्या रातभर जागा हुतो." मग त्यांनी पुण्याच्या पाहुण्याकडे मोर्चा वळवला. "बरं, खांबेटेसायेब. ह्येंना येत न्हाय. तुमी सांगा, ह्ये दुरुस्त कसं करायचं?"

खांबेटे मघापासून टायची गाठ सैल करत होते. त्यांनी दिलदारच्या पुस्तकाचं पहिलं पान बघितलं, मग जन्मात पहिल्यांदाच आपली बॅग टेबलावर ठेवली आणि उघडली. आत एक बनियन होता, चकल्यांचा डबा होता आणि तेच पुस्तक होतं. जास्त फाटलेलं.

"तुमची आवृत्ती नवी आहे," ते दिलदारला म्हणाले. "माझी जुनी. कंपनीनं मला दुसऱ्या भाषेवर घेतलंय. ही मी गेल्या रविवारी सुरू केली. एसटीत वाचत येणार होतो, पण कात्रजच्या घाटात मळमळायला लागलं. खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नाही. कुठल्या प्रकरणात असेल त्याचा अंदाज आहे."

दिलदारनं त्यांच्याकडे बघितलं. छातीवर सहा महिने कुणीतरी पाय देऊन उभं होतं, ते खाली उतरल्यासारखं त्याला वाटलं. मुंबई-पुण्यात ज्यांना सगळं तोंडपाठ आहे ती माणसं कुठं राहतात, असं त्याला खांबेट्यांना विचारायचं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते स्वतःही त्यांनाच शोधत आहेत.

"मग चला की!" हंबीरराव उठले. "आसं तोंडाकडं बगत बसून ऊस तुटनार हाय व्हय? केरबा, जीप मिरजंला न्हवं, मिसळ आनाय धाड. नायकवडींची तिखट सांग."

काचेच्या खोलीत त्या दिवशी मावतील तेवढी माणसं शिरली. बाहेर फळीवर चपलांचा ढीग पडला. बाळासोंना गार हवेची सवय नसल्यामुळे त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळले आणि कंप्युटरभोवती मांड्या घालून बसले. आपल्याला जिवंत कसं करतात हे त्यांना बघायचं होतं. दोन्ही पुस्तकं कीबोर्डच्या दोन बाजूंना उघडी पडली. खांबेट्यांच्या पुस्तकात ते प्रकरण फाटलं होतं, म्हणून दिलदारच्याच पुस्तकावर सगळी भिस्त आली.

"मोट्यानं वाचा," दगडूचा बाळासो म्हणाला. "आमच्याच नावाचा प्रश्न हाय. आमाला बी कळू दे."

दिलदारनं मिसळीचा घास गिळला, जिभेला चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलंसुद्धा नाही. भर ऑफिसात, चारी काचांच्या आत, हंबीररावांच्या देखत त्यानं पानावर बोट ठेवलं आणि इंग्रजीतलं ते आख्खं पान मोठ्यानं वाचून काढलं.

"कळलं का सायेब?" बाळासोनं विचारलं.

दिलदारनं खांबेट्यांकडे बघितलं. खांबेट्यांनी दिलदारकडे बघितलं.

"नाही," दिलदार म्हणाला. इतक्या महिन्यांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा इतका सहज निघाला.

"मलाही नाही," खांबेटे खुर्ची जवळ ओढत म्हणाले. "परत वाचा."

आणि दिलदारनं परत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.